नव्या चालकासाठी वाहतुकीचे नियम आणि सावध ड्रायव्हिंग: पहिल्या दिवसापासून लावून घ्यायच्या सवयी

परवाना मिळतो त्या दिवशी तुम्हाला गाडी हाताळता येत असते. क्लच अलगद सोडणं, गिअर बदलणं, चढावर गाडी मागे घरंगळू न देणं, रिव्हर्समध्ये नीट लावणं, एवढं जमलं की परीक्षा पास होते. रस्ता वाचायला शिकणं मात्र त्यानंतर सुरू होतं आणि तिथे शेजारच्या सीटवर शिक्षक नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यांवर मरण पावली. ५ ते २९ या वयोगटातल्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण रस्ते अपघात हेच आहे आणि बहुतेक नवे चालक याच वयाचे असतात.

या लेखातल्या सगळ्या सवयींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: गाडीभोवती मोकळी जागा राखायची. जागा असली की विचार करायला वेळ मिळतो आणि वेळ मिळाला की आपली किंवा समोरच्याची चूक निभावून नेता येते. नियम, वेगमर्यादा, आरसे, इंडिकेटर या सगळ्यांकडे या नजरेने पाहिलं तर ते पाठ करावे लागत नाहीत.

नियम कशासाठी आहेत

१९६८ साली व्हिएन्नात रस्ते वाहतुकीविषयी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. बऱ्याच देशांच्या वाहतूक कायद्यांवर त्याची छाप आहे. त्यातल्या दोन तरतुदी नव्या चालकाने मनात कोरून ठेवाव्यात. पहिली, वाट देण्याची व्याख्या: तुमच्या पुढे जाण्यामुळे दुसऱ्या चालकाला अचानक वेग किंवा दिशा बदलावी लागणार असेल, तर पुढे जायचं नाही. दुसरी, वेगाविषयी: समोर जितका रस्ता दिसतो आहे तितक्या अंतरात आणि अडथळा येऊ शकेल असं वाटतं त्याच्या अलीकडे गाडी थांबवता येईल, इतकाच वेग ठेवायचा.

पहिली तरतूद नीट पाहा. समोरचा ‘वाचला’ का, असं ती विचारत नाही. त्याला करकचून ब्रेक दाबावा लागला असेल तर धडक झाली नसली तरी तुम्ही वाट दिलेली नाही. रस्त्यावर कोणाला आधी जायचा हक्क आहे यावरून वाद होतात, पण कायदा मुख्यतः थांबायचं कोणी हे सांगतो. तुमचा हक्क समोरचा थांबल्यावरच प्रत्यक्षात येतो. तो थांबतोय हे डोळ्यांनी दिसेपर्यंत तो हक्क आपल्या हातात नाही, असंच धरून चालावं.

वेगमर्यादा, दंड, परवान्याच्या अटी देशोदेशी वेगळ्या असतात. जिथे गाडी चालवणार तिथले नियम अधिकृत पुस्तिकेतूनच वाचा, ऐकीव माहितीवर विसंबू नका. चिन्हांची भाषा मात्र बरीचशी सारखी असते: लाल कडेचं वर्तुळ मनाई करतं, निळं वर्तुळ बंधन घालतं, लाल कडेचा त्रिकोण पुढच्या धोक्याची सूचना देतो (काही देशांत त्याऐवजी पिवळा चौकोन कोनावर उभा असतो), उलटा त्रिकोण वाट द्यायला सांगतो आणि अष्टकोन पूर्ण थांबायला. अष्टकोनापाशी चाकं खरोखर थांबली पाहिजेत. रांगत रांगत पुढे सरकणं म्हणजे थांबणं नव्हे. रस्त्यावरची अखंड रेघ ओलांडायची नाही, हेही जवळपास सगळीकडे सारखंच.

इंजिन सुरू करण्याआधी

आधी सीट. पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाठ टेकलेली असताना हात लांब केला तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. छाती आणि स्टिअरिंग यांच्यात किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, कारण एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि फार जवळ बसलेल्याला तिचाच मार लागतो. हात घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या वरच्या टोकाइतकी उंच हवी. ती मानेपाशी असली तर मागून धडक बसल्यावर मान मागे झुकते आणि जबर इजा होते.

मग आरसे. बाजूच्या आरशात आपल्याच गाडीची निम्मी बाजू दिसते, अशी पुष्कळांची सवय असते. त्यातून आपल्या गाडीबद्दल आपल्याला काहीच नवं कळत नाही. डोकं खिडकीच्या काचेला जवळजवळ टेकवा आणि त्या बाजूचा आरसा इतका बाहेर वळवा की गाडीची कड जेमतेम दिसेल. दुसऱ्या बाजूसाठी डोकं गाडीच्या मध्यभागी न्या आणि तेच करा. असे आरसे लावले की मागून येणारी गाडी आतल्या आरशातून बाहेरच्या आरशात आणि तिथून थेट तुमच्या शेजारी, जवळपास खंड न पडता सरकताना दिसते. तरीही काही कोपरे दिसत नाहीतच, त्यामुळे लेन बदलताना खांद्यावरून एक झटकन नजर टाकावीच लागते.

सीट बेल्ट. आजचा तीन टोकांचा पट्टा निल्स बोहलिन या अभियंत्याने १९५९ साली व्हॉल्वो कंपनीत तयार केला आणि कंपनीने तो इतर उत्पादकांनाही वापरू दिला. आडवा पट्टा पोटावर नको, कमरेच्या हाडांवर हवा. तिरका पट्टा खांद्याच्या मध्यावरून जावा, काखेखालून कधीच नाही. मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावायचा. धडकेत मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढच्यालाही सोबत नेतो. लहान मूल मागेच आणि त्याच्या वजन-उंचीला साजेशा सीटमध्ये. मांडीवर घेतलेलं मूल धडकेच्या क्षणी कोणाच्याही हातात राहत नाही, हातात कितीही बळ असलं तरी. दुचाकीवर हेल्मेटची पट्टी हनुवटीखाली घट्ट बसवली नसेल तर पहिल्याच आदळण्यात हेल्मेट एकीकडे आणि डोकं दुसरीकडे जातं.

टायरची हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासा. किती हवी ते सहसा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर अनेक देशांत बेकायदा ठरतो. पावसाळी रस्त्यावर त्याच्या बऱ्याच आधीपासून पकड कमी व्हायला लागते.

अंतर: सगळ्यात महत्त्वाचा धडा

धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडून गाडी मंदावू लागेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्या वेळात गाडी पूर्ण वेगाने पुढे जात असते. त्यानंतरचं ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. कोरडा रस्ता, चांगले टायर, जोरात दाबलेला ब्रेक आणि दीड सेकंदाची प्रतिक्रिया धरली तर हिशेब साधारण असा येतो:

- ताशी ३० किलोमीटर: १८ मीटर
- ताशी ५० किलोमीटर: ३५ मीटर
- ताशी ६० किलोमीटर: ४५ मीटर
- ताशी ८० किलोमीटर: ६९ मीटर
- ताशी १०० किलोमीटर: ९७ मीटर

आता एक उदाहरण घ्या. दोन गाड्या शेजारी शेजारी चालल्या आहेत, एक ५० ने, दुसरी ६० ने. पुढे ३५ मीटरवर एक मूल रस्त्यात येतं. दोन्ही चालक एकाच क्षणी ब्रेक दाबतात. ५० वाली गाडी मुलाच्या जेमतेम अलीकडे थांबते. ६० वाली त्याच जागी पोचते तेव्हा तिचा वेग अजून ताशी ४३ किलोमीटर असतो. फरक फक्त दहाचा होता, पण एका गाडीची धडक झालीच नाही आणि दुसरीची जिवावर बेतली. शाळा, वस्ती, बाजार असलेल्या रस्त्यांवर ३० ची मर्यादा का मागितली जाते याचं उत्तर या गणितात आहे. आणि ६० ने जाऊन वाचतं काय? पाच किलोमीटरमागे एक मिनिट, तेही वाटेत एकही सिग्नल लागला नाही तर.

पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचं हे मीटरमध्ये मोजता येत नाही, म्हणून सेकंदात मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी, सावलीपाशी किंवा रस्त्यावरच्या खुणेपाशी पोचली की मनात म्हणा, ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’. हे म्हणून होण्याआधी तुम्ही त्या खुणेपाशी पोचलात तर फार जवळ आहात. कोरड्या रस्त्यावर अनुभवी चालकाला दोन सेकंद पुरतात असं काही देशांत शिकवतात, पण नव्या चालकाने तीनच्या खाली येऊ नये असं माझं ठाम मत आहे. ओल्या रस्त्यावर हे अंतर दुप्पट करा, बर्फावर कितीतरी पट. दुचाकीच्या मागे असाल तरी वाढवा, कारण घसरून पडलेली दुचाकी जागच्या जागी अडथळा बनते.

‘एवढी जागा सोडली की कोणी ना कोणी मध्ये घुसतंच’ ही तक्रार नेहमी ऐकू येते आणि ती खरीही आहे. घुसू द्या. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचला आणि पुन्हा तीन सेकंद तयार करा. एक गाडी मध्ये आली की तुमचे सुमारे तीन सेकंद गेले. प्रवासभरात अशा दहा गाड्या आल्या तरी पोचायला अर्धा मिनिट उशीर होईल.

मागून कोणी चिकटून येत असेल तर घाईने पुढे पळू नका आणि त्याला धडा शिकवायला ब्रेकही मारू नका. आपलं पुढचं अंतर आणखी वाढवा. मग पुढे काही झालं तर तुम्हाला हळूहळू थांबता येतं आणि मागच्यालाही थांबायला वेळ मिळतो. संधी मिळताच कडेला होऊन त्याला जाऊ द्या.

सिग्नलला थांबतानाही पुढच्या गाडीचे मागचे टायर रस्त्याला टेकलेले दिसतील इतकी जागा सोडा. ती गाडी बंद पडली तर रिव्हर्स न घेता बाहेर निघता येतं आणि मागून कोणी धडकलं तर तुम्ही लगेच पुढच्यावर ढकलले जात नाही.

नजर कुठे ठेवायची

नवा चालक बॉनेटच्या पुढचा तुकडा बघत असतो. त्यामुळे प्रत्येक गोष्ट त्याला अचानक आल्यासारखी वाटते. तुमची गाडी १२ ते १५ सेकंदांनी जिथे असेल तिथपर्यंत नजर न्या. ताशी ५० च्या वेगाने हे अंतर दोनशे मीटरच्या आसपास येतं. तिथून नजर जवळ आणा, दोन्ही बाजू पाहा, दर सहा-सात सेकंदांनी आरसा, पुन्हा लांब. एका जागी खिळलेली नजर काठावरच्या हालचाली टिपत नाही.

पाहायचं काय, हे सरावाने कळतं. उभ्या गाडीत चालक बसलेला दिसला तर दार उघडेल किंवा गाडी बाहेर निघेल, तिच्या पुढच्या चाकाकडे लक्ष ठेवा. इंडिकेटरच्या आधी चाक वळतं. उभ्या वाहनांच्या खालून पाय दिसले तर कोणीतरी रस्त्यात येणार आहे. रस्त्यावर चेंडू आला की मागून मूल येतंय असं धरूनच चालायचं. थांबलेल्या बसच्या पुढून माणसं ओलांडतात आणि बस त्यांना पूर्ण झाकते. दोन-तीन गाड्या पलीकडचे ब्रेक लाइट लागले की आपला पाय ब्रेकवर न्या, लगतच्या गाडीची वाट पाहू नका.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांमागे अख्खा दुचाकीस्वार लपू शकतो. त्याचा आणि तुमचा वेग असा जुळला की तो चौकापर्यंत त्या खांबामागेच राहतो. तसंच, आडव्या रस्त्याने येणारं एखादं वाहन तुमच्या काचेवर एकाच ठिकाणी स्थिर दिसत असेल आणि फक्त मोठं होत असेल, तर ते तुमच्यावर येऊन आदळणार आहे. जे आदळणार नाही ते काचेवर पुढे किंवा मागे सरकताना दिसतं. आपले डोळे हालचाल लगेच पकडतात, स्थिर वस्तू सोडून देतात, म्हणून नेमकं धोक्याचं वाहन उशिरा जाणवतं. उपाय सोपा आहे: चौकाजवळ येताना मान आणि खांदे थोडे पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे हलवून खांबामागे पाहायचं.

सरावासाठी गाडी चालवताना मोठ्याने बोला: ‘पुढे झेब्रा, डावीकडे सायकलवाला, मागे ट्रक जवळ, वेग कमी करतोय.’ ब्रिटनमध्ये पोलीस चालकांच्या प्रशिक्षणात ही पद्धत वापरतात. पहिले काही दिवस तोंड आणि डोळे यांचा मेळ बसत नाही, नंतर बोलायच्या आधीच दिसायला लागतं.

चौक, वळण आणि ओव्हरटेक

सिग्नल हिरवा दिसला तर तो किती वेळापासून हिरवा आहे हे स्वतःला विचारा. आपण पाहायला लागल्यापासून तो हिरवाच असेल तर लवकरच बदलेल असं धरा, पाय ब्रेकच्या जवळ न्या आणि थांबरेषेच्या अलीकडची एक जागा मनात ठरवा: ती ओलांडण्याआधी पिवळा लागला तर थांबायचं, ओलांडल्यावर लागला तर जायचं. निर्णय आधीच झालेला असल्याने ऐनवेळी धांदल होत नाही. पिवळा दिवा थांबण्यासाठीच आहे, सुरक्षित थांबता येणार नाही इतके जवळ आलेले असाल तेवढीच सूट. आणि लाल जाऊन हिरवा लागला की लगेच सुटू नका. दोन्ही बाजूंना पाहा, उशिरा सिग्नल तोडणारा नेमका याच दोन सेकंदांत येतो.

पलीकडे जायला जागा मोकळी नसेल तर हिरवा असला तरी चौकात शिरू नका. मधोमध अडकलेली एक गाडी चारही बाजू बंद करते.

समोरून येणारी वाहतूक ओलांडून वळायचं असेल आणि रस्त्याच्या मध्यभागी थांबावं लागलं, तर पुढची चाकं सरळ ठेवा. आधीच वळवून ठेवली आणि मागून धक्का बसला तर गाडी थेट समोरच्या लेनमध्ये ढकलली जाते. चाकं सरळ असतील तर फक्त पुढे सरकते.

समोरच्याने दिवे चमकवले तर त्याचा अर्थ काही ठिकाणी ‘तू जा’ असा घेतात आणि काही ठिकाणी ‘मी येतोय’ असा. त्यावर गाडी टाकू नका. कोणी हात दाखवून जायला सांगितलं तरी त्याच्या पलीकडची लेन स्वतः पाहूनच जा. झेब्रा क्रॉसिंगपाशी शेजारच्या लेनमध्ये गाडी थांबलेली दिसली तर तुम्हीही थांबा. ती बंद पडलेली आहे असं समजून पुढे काढणारा चालक तिच्या आडून येणाऱ्या माणसाला उडवतो. वर्तुळाकार चौकात सहसा आत असलेल्यांना वाट द्यायची असते, तरी तिथलं चिन्ह बघून घ्या. रुग्णवाहिकेचा किंवा अग्निशामक गाडीचा आवाज आला की आधी ती कुठून येतेय ते शोधा, मग इंडिकेटर देऊन कडेला व्हा. घाबरून चौकात जागच्या जागी थांबलात तर तिची वाट अडते.

इंडिकेटर वळायला लागल्यावर द्यायचा नसतो. लेन बदलण्याचा क्रम कायम एकच ठेवा: आतला आरसा, बाहेरचा आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून नजर, मग स्टिअरिंग. आणि दुसऱ्याचा इंडिकेटर चालू दिसला म्हणून तो वळेलच असं नाही, तो बंद करायचा राहिलेला असू शकतो. त्याचा वेग कमी होऊन चाकं वळेपर्यंत बाहेर निघू नका.

दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करणं हे नव्या चालकासाठी सर्वांत अवघड काम आहे. तुम्ही ८० ने आणि समोरचाही ८० ने येत असेल तर दोघांमधलं अंतर सेकंदाला ४४ मीटरने घटतं. ओव्हरटेकला दहा सेकंद लागले तर तेवढ्यातच सुमारे साडेचारशे मीटर रस्ता संपला. तेवढा रस्ता स्वच्छ दिसत नसेल तर जायचं नाही. वळणावर, चढाच्या माथ्यावर, अरुंद पुलावर, चौकाजवळ आणि अखंड रेघेपाशी तर अजिबात नाही. ट्रकच्या मागे चिकटून राहिलात तर पुढचं काहीच दिसत नाही, थोडं मागे राहिलात की रस्ता उघडतो. ओव्हरटेक केल्यावर मागे टाकलेली गाडी आतल्या आरशात पूर्ण दिसली की मगच आपल्या लेनमध्ये परत या. तुम्हाला कोणी ओव्हरटेक करत असेल तर वेग वाढवू नका.

ट्रक-बसच्या आरशांत चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही आहात. लांब वाहन वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून वळणाऱ्या ट्रकच्या आतल्या बाजूला शिरणं जीवघेणं ठरतं. दुचाकी आणि सायकलवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

पाऊस, रात्र, धुकं, उतार

कोरड्या दिवसांनंतरचा पहिला पाऊस सगळ्यात निसरडा, कारण रस्त्यावरचं तेल आणि धूळ पाण्यात मिसळून वर येतात. जोराच्या पावसात साचलेल्या पाण्यावर वेगात गेलं की टायर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरतो आणि गाडी तरंगायला लागते. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर हळूच सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि टायरची पकड परत येईपर्यंत ब्रेकला हात लावू नका, म्हणजे पायही लावू नका. वाहत्या पाण्यात खोली दिसत नसेल तर गाडी घालूच नका.

रात्री डिपरचा, म्हणजे हेडलाइटच्या खाली झुकलेल्या झोताचा, प्रकाश साधारण ५०-६० मीटरपर्यंत उपयोगी पडतो. वरचा हिशेब आठवा: ८० च्या वेगाने थांबायला ६९ मीटर लागतात. म्हणजे डिपरवर ८० ने जाणारा चालक न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी टाकत असतो. अप्पर, म्हणजे लांबवर जाणारा वरचा झोत वापरा, पण समोरून गाडी आली किंवा तुम्ही कोणाच्या मागे असाल तर लगेच डिपरवर या. समोरच्याने अप्पर बंद केला नाही तर नजर आपल्या बाजूच्या रस्त्याच्या कडेकडे न्या आणि वेग कमी करा. प्रत्युत्तर म्हणून आपलाही अप्पर लावला तर दोन आंधळे चालक समोरासमोर येतात.

धुक्यात अप्पर लावला की प्रकाश धुक्यावर आपटून डोळ्यांत परत येतो, तिथे डिपरच हवा. चारही इंडिकेटर लावून चालत राहू नका, मागच्याला तुम्ही थांबला आहात की वळताय हे कळत नाही. लांब उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. सतत दाबून ठेवलेले ब्रेक तापतात आणि मग पकडतच नाहीत. न्यूट्रलला टाकून उतरणं कटाक्षाने टाळा.

चालकाची स्वतःची अवस्था

ताशी ६० च्या वेगाने चार सेकंद फोनकडे पाहिलं तर ६७ मीटर गाडी कोणीच चालवत नव्हतं. हँड्स-फ्री वापरल्याने हात मोकळे राहतात, मन मात्र संभाषणात गुंतलेलंच असतं. नवा चालक असाल तर फोन आवाज बंद करून हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, रस्ता दाखवणारं अ‍ॅप निघण्याआधीच लावून घ्या.

झोपेचं गांभीर्य लोकांना कळत नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सलग १७ तास जागं राहिलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्यांइतकी घसरलेली आढळली आणि २४ तासांच्या जागरणानंतर ती सुमारे ०.१ टक्क्याइतकी. गेले काही किलोमीटर कसे आलो हे आठवत नसेल, लेन सुटत असेल, पापण्या जड होत असतील तर गाडी सुरक्षित जागी लावून १५-२० मिनिटं झोपा. खिडकी उघडणं आणि गाणी मोठ्याने लावणं याने झोप जात नाही. मद्याबाबत जागतिक आरोग्य संघटना सर्वसाधारण चालकासाठी १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम आणि नव्या-तरुण चालकासाठी २० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा सुचवते. तुमच्या देशाचा आकडा काहीही असो, स्वतःसाठी शून्यच ठेवा.

मित्रांनी भरलेली गाडी हाही नव्या चालकासाठी खरा धोका आहे. न्यूझीलंडने १९८७ साली टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत सुरू केली, त्यात नव्या चालकाला रात्री उशिरा गाडी चालवण्यावर आणि सोबत प्रवासी नेण्यावर मर्यादा होत्या. नंतर अनेक ठिकाणी ती स्वीकारली गेली. तुमच्याकडे असा कायदा नसला तरी हा क्रम स्वतः पाळा. आधी दिवसाउजेडी ओळखीचे रस्ते, सोबत एखादा अनुभवी माणूस. मग गर्दीची वेळ, मग हलका पाऊस, मग रात्र आणि शेवटी वेगाचा महामार्ग. एकाच दिवशी दोन नव्या अडचणी घेऊ नका, म्हणजे महामार्ग पहिल्यांदा आणि तोही रात्री पावसात, असं नको.

अचानक काही झालं तर

एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत जोरात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरतं. नवा चालक दचकून पाय उचलतो आणि नेमकं तेच चुकतं. पाय पूर्ण दाबून ठेवा आणि स्टिअरिंगने अडथळा चुकवा, एबीएस त्यासाठीच आहे. पूर्ण मोकळ्या, कोरड्या जागी अनुभवी माणसाबरोबर कमी वेगात हे मुद्दाम करून पाहा, म्हणजे ती थरथर ओळखीची होईल. दुचाकीवर थांबवण्याची बरीच ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते. तो झटक्याने न दाबता वाढत्या जोराने दाबायचा, मागचा सोबत, हँडल सरळ. आणि चुकवायचं आहे त्याच्याकडे पाहू नका, निसटायच्या वाटेकडे पाहा. नजर जिथे असते, गाडी तिकडेच ओढली जाते.

टायर फुटला तर ब्रेकवर उभे राहू नका. स्टिअरिंग घट्ट धरून गाडी सरळ ठेवा, अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडा, वेग उतरल्यावर कडेला घ्या. ब्रेक लागेनासा झाला तर पेडल भरभर दाबून सोडा, एकेक करत खालचा गिअर टाका आणि हँडब्रेक थोडा थोडा ओढा. एकदम ओढलात तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. इंजिन बंद करू नका, स्टिअरिंग जड होईल.

गाडी बंद पडली तर जमेल तितकी रस्त्याच्या बाहेर घ्या, चारही इंडिकेटर लावा, सुरक्षित असेल तरच मागे पुरेशा अंतरावर धोक्याचा त्रिकोण ठेवा. वेगाच्या रस्त्यावर सगळ्यांनी वाहतुकीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरून कठड्यापलीकडे थांबायचं. गाडीत बसून राहू नका, तिच्या मागे किंवा पुढेही उभे राहू नका.

अपघात झाला तर थांबणं हे कायद्याने बंधनकारक आहे. इंजिन बंद करा, मागून येणाऱ्यांना सावध करा, मग जखमींकडे जा. आपत्कालीन सेवेला फोन करताना नेमकी जागा, कोणत्या दिशेचा रस्ता, किती जखमी आणि कोणी अडकलं आहे का, हे आधी सांगा. आग किंवा पुन्हा धडक होण्याची भीती नसेल तर जखमीला हलवू नका. शुद्धीत असून श्वास चालू असलेल्या दुचाकीस्वाराचं हेल्मेट काढू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने त्या जागी दाब द्या आणि मदत येईपर्यंत तो दाब सोडू नका. चूक कोणाची यावर रस्त्यात वाद घालू नका. गाड्यांची जागा, टायरच्या खुणा, सिग्नल आणि चिन्हं यांचे फोटो घ्या, समोरच्या वाहनाचा क्रमांक आणि साक्षीदारांची नावं लिहून घ्या आणि पोलिसांना पाहिलं तेवढंच सांगा.